वळणावरचं नाव

१

लीव्हनला पुरून दोन दिवसही झाले नव्हते. सोमवारी सकाळी मी वळणावर फुलं ठेवायला गेले, तर त्याचं नाव रस्त्यावर नव्हतं.

पावसानं फिकट झालं असतं तर गोष्ट वेगळी. हे खरवडून काढलं होतं. शनिवारी शवपेटीची गाडी LIEVEN या ज्या सहा रोमन अक्षरांना वळसा घालून गेली, त्या पुरुषभर उंचीच्या पांढऱ्याशुभ्र अक्षरांच्या जागी भाजलेल्या डांबराचा काळा पट्टा होता. कडेच्या दगडी क्रूसापाशी मेणबत्त्या, टोप्या, चिठ्ठ्या सगळं जागच्या जागी. फक्त नाव गेलं होतं.

मी फुलं तशीच घेऊन कॅफेत परतले. चर्चसमोरचा कॅफे गेली एकतीस वर्षं मी चालवते. लीव्हन बार्टच्या चाहत्यांचं मंडळ माझ्याच कॅफेत जमायचं आणि त्याची सायकल माझ्याच काउंटरच्या वर टांगलेली होती, अपघाताच्या चिखलासकट. 'कुणी फडकं लावायचं नाही,' असा अध्यक्षांचा हुकूम होता.

अध्यक्ष म्हणजे हेक्टर डोश, आमचा खाटीक. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत त्यानं बिअरचा ग्लास आपटला. "हॉलंडवाल्यांचं काम! मारलं ते मारलं, आता नावही ठेवत नाहीत!"

तसं म्हणायला त्याच्याकडे कारण होतं. सायकल शर्यतीच्या रविवारी, शेवटचे बावीस किलोमीटर उरले असताना, लीव्हन आणि हॉलंडचा योरिट काम्पहाउस असे दोघेच सगळ्यांना मागे टाकून गावात शिरले. वळणावर जे झालं ते सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. योरिटचा एक हात हँडलवरून सुटून लीव्हनकडे गेला आणि पुढच्या क्षणी लीव्हन क्रूसावर आपटला. तेवीस वर्षांचं पोर, डोक्यावर नुसती कापडी टोपी.

त्यानंतर माझ्या कॅफेत दुसरा विषय नाही. कुणी म्हणे, कॅम्पिंगच्या गाडीतल्या हॉलंडवाल्यांनी रस्त्यावर तेल ओतलं. कुणी म्हणे, टीव्हीच्या मोटरसायकलवाल्याला फितवलं होतं. हेक्टरचं म्हणणं साधं होतं. "मागून एकशे सत्तर जण त्याच वळणावरून गेले, एक माई का लाल पडला नाही. आमचाच बरा पडला! ढकलल्याशिवाय?" त्यात योरिटला रेडिओवर कुणीतरी त्या जागेबद्दल विचारलं, तर तो म्हणाला, "तिथे स्खोन होतं." आमच्या बोलीत स्खोन म्हणजे सुंदर. पोर मेलं तिथे म्हणे सुंदर होतं! त्या दिवशी गावात दोन रेडिओ फुटले.

गुरुवारी ब्रुसेल्सला शिस्त समितीपुढे योरिटची सुनावणी होती. त्याला जन्मभर शर्यतीतून काढा, अशा अर्जावर माझ्या काउंटरवर चारशे बारा सह्या झाल्या होत्या. तिसरी सही माझी, मार्सेलाची.

कोपऱ्यात माझा थोरला भाऊ ओडिलोन कॉफी पीत होता. अडतीस वर्षं तो या रस्त्याचा मैलकुली होता. इथला दगड न् दगड त्याला नावानिशी ठाऊक. आरडाओरडा सुरू असतानाच तो उठून वळणावर गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या तळहातावर काळी खपली होती.

"चुना होता ना रे हेक्टर?" त्यानं विचारलं.

"तुझ्या रस्त्यावर दुसरं काही लावू देतोस का तू?"

"मग जाळावा का लागला?" ओडिलोन म्हणाला. "चुना तर झाडूनं जातो."

२

दुपारी एक बाई आत आली. पन्नाशीची, जाड चष्मा, हातात पर्स घट्ट धरलेली. तोंड उघडताच कळलं की सरहद्दीपलीकडची. भाषा म्हणायला एकच, पण ते बोलतात घशातून आणि आम्ही बोलतो घास तोंडात ठेवून.

"मी योरिटची आई," ती म्हणाली.

मी काही तिला खुर्ची दिली नाही. ती उभ्या उभ्याच म्हणाली, "पाणी मिळेल का? एका स्खोन ग्लासात."

माझं डोकं सणकलं. हिला म्हणे सुंदर ग्लास! मी पण कमी नाही. वरच्या फळीवरचा, आईच्या लग्नातला सोनेरी काठाचा ग्लास काढला आणि तिच्यापुढे ठेवला. "घ्या. याहून सुंदर आमच्या गरिबाकडे नाही."

ती गोंधळली. "अहो, एवढा भारी कशाला? नुसता धुतलेला असला की झालं."

ओडिलोननं मान वर केली. "बाई, तुमच्याकडे स्खोन म्हणजे काय?"

"स्वच्छ. दुसरं काय?"

"आणि रेडिओवाल्यानं तुमच्या मुलाला नक्की काय विचारलं होतं?"

"रस्त्यावर तेल होतं का, खडी होती का, असं. तो म्हणाला, नाही, तिथे स्वच्छ होतं. त्यांनी नुसतं उत्तर ऐकवलं."

हेक्टर पुटपुटला, "तसं आपल्यालाही ठाऊक आहे त्यांचा अर्थ. टीव्हीवर ऐकतोच की."

"मग त्या दिवशी का नाही आठवला?" ओडिलोननं विचारलं. मलाही तो अर्थ ठाऊक होता.

मी तिला खुर्ची दिली. मग ती बोलली. योरिट आठ दिवस खोलीबाहेर आला नव्हता. खिडकीतून दगड आला, त्याला 'खुनी' लिहिलेला कागद गुंडाळलेला. "गुरुवारी त्यांनी त्याला दोषी ठरवलं तर सायकल जाईलच. पण मला सायकलची भीती नाही वाटत हो. मी त्याच्या खोलीतला पट्टा, दोरी, सगळं काढून आणलंय." ती पर्स का सोडत नव्हती ते मला तेव्हा कळलं.

"त्याचं म्हणणं काय आहे?" ओडिलोननं हळूच विचारलं.

"म्हणतो, मी ढकललं नाही, वाट दिली. हातानं दाखवलं, तुझं गाव आहे, तू जा तुझ्या नावावरून."

"हॉलंडवाला आणि फुकट काही देतो!" मागून कुणीतरी म्हणालं. एरवी सगळे खदखदले असते. या वेळी एकच जण हसला, तोही अर्धाच.

ओडिलोन हसला नव्हता. "नावावरून? हे त्याला कुठून कळलं?"

मग माझ्याही डोक्यात लख्ख पडलं. ही रीत आमच्या गावापुरती. शर्यत गावातून जाताना घरचा पोरगा आपल्या नावावरून चाक नेतो, शकुन म्हणून. नाव नेहमी वळणाच्या बाहेरच्या अंगाला, कारण आतल्या अंगाला, शर्यतीच्या वाटेवर, ओडिलोन काही लिहू द्यायचा नाही. पलीकडच्या गावालाही ही रीत माहीत नाही, तर हॉलंडला कुठली?

"लीव्हननंच सांगितलं असणार," ओडिलोन म्हणाला. "सायकल चालवता चालवता. आणि वैऱ्याला कुणी असल्या गोष्टी सांगत नाही."

३

"हेक्टर, सायकल उतरव," ओडिलोन म्हणाला.

"हात लावायचा नाही म्हणून ठरलंय."

"म्हणूनच उतरव."

दोघांनी सायकल काउंटरवर ठेवली. मागच्या टायरच्या बाजूला चिखलाखाली वीतभर लांबीचा पांढरा ओघळ होता. आठ दिवस तो आमच्या डोक्यावर टांगलेला होता आणि त्याखाली बसून आम्ही तेलाच्या आणि फितुरीच्या गप्पा मारत होतो. ओडिलोननं अंगठा ओला करून घासला. चुना असता तर बोट पांढरं झालं असतं. झालं नाही. मग त्यानं नख लावलं, तशी दुधावरची साय निघावी तशी पातळ कातडी सुटून आली.

"तेलाचा रंग," तो म्हणाला. "लावून चार-सहा तास झालेले, पुरता वाळलेला नाही. वरून भुरभुर पाऊस. त्याच्यावर चाक ठेवलं तर काय होईल, ते मला विचारू नका. सगळ्यांना ठाऊक आहे."

"पण एकशे सत्तर जण..." हेक्टर म्हणाला.

"ते आतून गेले. बाहेरून जायचं कारण एकालाच होतं."

आठ दिवस ज्या एका वाक्यावर हेक्टरचा सगळा डोलारा उभा होता, ते वाक्यच त्याच्यावर उलटलं.

योरिटची आई तोंडावर हात ठेवून रडत होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मंडळाचे चौघे-पाचजण आमच्याकडे बघत होते, पण मला पर्वा नव्हती.

"हेक्टर, नाव तू लिहिलंस?" ओडिलोननं विचारलं.

"मीच. म्हणजे... दर वर्षी मीच लिहितो."

"हो की नाही?"

हेक्टरचा चेहरा त्याच्या दुकानातल्या मांसासारखा लाल झाला. "शुक्रवारी चुन्यानं लिहिलं. शनिवारच्या पावसानं धुऊन नेलं. रविवारी चर्चच्या आधी पुन्हा बादली घेऊन गेलो, तर नाव आधीच तयार! कोरं करकरीत. लोक शाबासकी द्यायला लागले, मी घेतली. त्यात काय गुन्हा? अक्षर माझ्यापेक्षा बरं होतं. फक्त दोन्ही 'ई'ची मधली काडी लांब, बाहेर आलेली."

"मग लिहिलं कुणी?"

हेक्टरनं खांदे उडवले. मी काउंटर पुसायला घेतला. तो मघाशीच पुसलेला होता.

४

ओडिलोन सह्यांच्या कागदावरून बोट फिरवत होता. पाद्रीबाबा, शाळामास्तर, डॉक्टर, सगळे होते. शेवटच्या नावावर आल्यावर तो थांबला. "एक नाही."

"कोण?"

"सेराफीन."

सेराफीन म्हणजे लीव्हनचे वडील. बायको जाऊन बारा वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा.

"बाप आहे तो," मी म्हटलं. "त्याच्याकडे सही कोण मागणार?"

"मी मागितली होती," हेक्टर म्हणाला. "दोनदा. पहिल्यांदा म्हणाला चष्मा नाही, दुसऱ्यांदा म्हणाला पेन चालत नाही. मी म्हटलं, दुःखात आहे."

मला आता गप्प राहवेना. सेराफीनकडे फोन नव्हता. शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी लीव्हननं माझ्या कॅफेत फोन केला होता आणि मी सेराफीनला बोलावून आणलं होतं. म्हातारी माणसं फोनवर ओरडूनच बोलतात, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. "पावसाचं काय घेऊन बसलास? मागच्या वर्षी गेलं, त्याच्या मागच्या वर्षी गेलं. या वेळी नाही जायचं ते. बघच तू!" फोन ठेवून तो लहान मुलासारखा हसत बाहेर पडला होता. मला वाटलं, काहीतरी बापलेकाचं.

आणखी एक गोष्ट मी पाहिली होती. पुरून आल्यावर आम्ही सगळे सेराफीनकडे सूप घेऊन गेलो. ईस्टरच्या आधी त्यानं कबुतरखाना रंगवायला घेतला होता. तीन बाजू पांढऱ्याशुभ्र, चौथी जुनीच, करडी. मी मनात म्हटलं, बिचाऱ्याची कामावरची वासनाच उडाली. त्याच वेळी हेक्टर सगळ्यांसमोर म्हणाला होता, "ते नाव आता कायम ठेवू या. दर वर्षी नवा रंग देऊ." सेराफीनच्या हातातली सुपाची वाटी तेव्हा सांडली होती.

मी हे सगळं सांगितलं. सांगताना असं वाटत होतं की आपण एका बुडणाऱ्याला काढायला दुसऱ्याला पाण्यात ढकलतोय.

योरिटची आई उठली. "मी जाते," ती म्हणाली. "त्यांना काही विचारू नका. माझ्याच्यानं नाही बघवणार." आणि ती खरोखरच गेली. पाण्याचा ग्लास तसाच भरलेला राहिला.

५

सेराफीन कबुतरखान्यासमोर स्टुलावर बसला होता. मी आणि ओडिलोन दोघेच गेलो होतो. शेजारी शर्यतीच्या कबुतरांची टोपली होती. तिच्यावर पांढऱ्या रंगात 'BAERT', म्हणजे बार्ट, लिहिलेलं होतं आणि 'ई'ची मधली काडी लांब, बाहेर आलेली होती.

ओडिलोन त्याच्याशेजारी जमिनीवर बसला.

"चौथ्या बाजूला रंग पुरला नाही का रे?" ओडिलोन म्हणाला.

"नाही पुरला," सेराफीन म्हणाला. "अक्षरं मोठी काढली ना."

मला वाटलं होतं तो नाकारेल, ओरडेल. तो नुसता हात चोळत राहिला.

"दर वर्षी पोर म्हणायचं, बाबा, सगळ्यांची नावं दिसली, माझंच नाही. आपल्या उतारावरून पाणी वाहतं ना. म्हटलं, या वेळी दिसू दे. पहाटे उठून लिहिलं." तो थांबला. "मी क्रूसाजवळच उभा होतो. त्यानं नाव पाहिलं. मग मला पाहिलं. हसला रे तो. आणि चाक गेलं."

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"तेव्हाच. त्याच्याकडे धावलो तर माझाही पाय घसरला. त्याच अक्षरावर." त्यानं उजवा बूट पुढे केला. तळाच्या कडेला पांढरं होतं. "मागून सगळे ओरडले, ढकललं, हॉलंडवाल्यानं ढकललं. मार्सेला, मला वाटलं, असू दे. देवा, त्यानंच ढकललेलं असू दे. मग रोज सगळे तेच सांगायला यायचे. मलाही खरं वाटायला लागायचं. सही करायला गेलो की नाही वाटायचं."

म्हणतात ना, चोर सोडून संन्याशाला सुळी. पण इथे चोरच नव्हता. एका बापाला आपल्या मुलाचं नाव ठळक हवं होतं, एवढंच होतं. मला इतकं रडू आलं की मी कबुतरखान्याकडे तोंड फिरवलं.

"मी काही बोलणार नाही," ओडिलोन म्हणाला. "माझ्या रस्त्यावर झालं, पण सांगायचं तर ते तूच. नाही सांगितलंस तरी तुझ्या दारात कुणी येणार नाही."

सेराफीननं मान हलवली. त्याला ती सुटका हवी होती हे दिसत होतं. आणि मी, त्याला पोरवयापासून ओळखणारी, मीच ती हिसकावून घेतली.

"आज त्याची आई आली होती," मी म्हटलं. "म्हणजे त्या पोराची. त्याच्या खोलीतला पट्टा पर्समध्ये घालून हिंडतेय. तुझा गेला, सेराफीन. तिचा अजून आहे."

तो उठला, कबुतरखान्यात गेला आणि दार लावून घेतलं. आम्ही वाट पाहिली. तो बाहेर आला नाही.

६

गुरुवारी हेक्टर मांसाची गाडी घेऊन ब्रुसेल्सला निघाला. मी आणि ओडिलोन पुढे बसलो. मी सह्यांच्या कागदावरचं माझं नाव खोडलं होतं. कागद द्यायचा की नाही हे हेक्टरचं अजून ठरत नव्हतं. गाडी सुरू झाली आणि काचेवर कुणीतरी टकटक केली. सेराफीन. शनिवारचाच काळा सूट, आणि काखेत रंगाचा रिकामा डबा.

"जागा आहे का?" त्यानं विचारलं.

समितीत तिघे होते. योरिट एका बाकावर बसला होता. गाल आत गेलेले, शर्टाची कॉलर मानेभोवती सैल. सेराफीननं डबा टेबलावर ठेवला, बूट काढून डब्याशेजारी ठेवला आणि एका पायात नुसत्या मोज्यावर उभं राहून सगळं सांगितलं. कबुतरखान्यापासून पहाटेपर्यंत, आणि सोमवारी उजाडायच्या आत रंग उतरवायच्या पेटत्या दिव्यानं नाव जाळून काढलं तिथपर्यंत. पाच मिनिटंही लागली नाहीत. हेक्टरनं सह्यांचा कागद घडी करून खिशात घातला, तो पुन्हा कधी बाहेर आला नाही.

समितीच्या अध्यक्षांनी योरिट निर्दोष असल्याचं सांगितलं, तेव्हा त्याच्या आईनं पर्स पहिल्यांदा खाली ठेवली. पण योरिट तिच्याकडे गेला नाही. तो सरळ सेराफीनपुढे येऊन उभा राहिला. त्याच्याकडे वर बघायची सेराफीनची हिंमत होत नव्हती.

"मी तुला मरू देणार होतो, पोरा," तो म्हणाला.

योरिटनं टेबलावरचा बूट उचलला आणि खाली वाकून त्याच्यापुढे ठेवला.

"तुम्हाला एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "मला कुणी विचारलं नाही आणि तिकडे गावात यायची सोय नव्हती. वळणाच्या आधी त्याला नाव दिसलं. मी म्हटलं, तुमच्या मंडळानं काय सुरेख लिहिलंय. तर तो म्हणाला, हेक्टरच्या बापाला जमणार नाही असं. ती 'ई' बघ. माझ्या बाबांनी लिहिलंय. म्हणून मी हात केला. म्हटलं, मग जा की."

सेराफीन बूट घालायला वाकला आणि तसाच वाकलेला राहिला. हेक्टर, ज्याच्या बापाचा उद्धार झाला होता, तो भिंतीकडे तोंड करून हुंदके देत होता. शेवटी नाडी योरिटनंच बांधली.

आमच्या गावात आता रस्त्यावर कुणाचं नाव लिहीत नाहीत, चुन्यानंही नाही. शर्यतीच्या सकाळी सेराफीन झाडू घेऊन येतो आणि वळण दोन्ही अंगांनी झाडतो. योरिट दर वर्षी तिथून जाताना त्याला हात करतो.

अक्षरांच्या रेषांवर डांबर जास्त जळलेलं असल्यामुळे तिथे पाणी वेगळं मुरतं. एरवी काही दिसत नाही. पाऊस आला की मात्र ती सहा अक्षरं पुन्हा वर येतात, काळ्यावर काळी, दोन्ही 'ई'ची मधली काडी लांब. सेराफीन छत्री न घेता तिथे जाऊन उभा राहतो, आणि मी त्याच्यासाठी सूप गरम करायला ठेवते.